परदेश किती दूर? कांदिवलीच्या वेशीवरून सरकत गेलेल्या सीमांचा इतिहास

१/
शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयातून सुटायचे, पाठीवर एकच सॅक टाकायची, सहारच्या विमानतळावर मित्रांना गाठायचे, शनिवार-रविवार बँकॉकमध्ये काढायचे आणि सोमवारी पुन्हा लोकलच्या दारात उभे राहायचे. कांदिवली-बोरिवलीच्या पंचविशीतील नोकरदारांना हा बेत आज अशक्य वाटत नाही. चौघांत एक खोली, सामानाविना तिकीट, खर्चाची वाटणी मोबाईलवर. हिशेब जमला तर गोव्याच्या सहलीहून फार महाग पडत नाही, असेही म्हटले जाते.

२/
या परदेशवारीचे श्रेय सहसा स्वस्त विमानसेवेला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. कांदिवलीच्या गेल्या साडेतीनशे वर्षांच्या इतिहासाकडे पाहिले तर दिसते की, परदेश जवळ आहे की दूर हे मैलांवर क्वचितच ठरले. ते ठरले राज्यकर्त्यांवर, परवान्यांवर आणि खिशात कोणते चलन नेता येते यावर. एके काळी तर कांदिवली हाच मुंबईकरांचा सर्वांत जवळचा परदेश होता. हा धागा त्या सरकत्या सीमेविषयी.

३/
प्रथम भूगोल. वांद्र्यापासून उत्तरेकडे पसरलेले आणि पूर्वेला ठाण्याच्या खाडीपर्यंत पोहोचलेले बेट म्हणजे साष्टी. कांदिवली, मालाड, पोईसर, मागाठाणे, बोरिवली ही सारी साष्टीतील गावे. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि तिच्या अखत्यारीतील प्रदेश पोर्तुगिजांच्या हवाली केला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्याचे चर्चमध्ये रूपांतर झाले ते याच शतकात, फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनियो दो पोर्तो याच्या काळात.

४/
पुढे १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिले. १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा गेला आणि १६६८ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. साष्टी मात्र पोर्तुगिजांकडेच राहिली. परिणाम असा की, माहीमची खाडी ही दोन युरोपीय सत्तांमधील सरहद्द बनली. अलीकडच्या तीरावर इंग्रजांचा माहीमचा किल्ला, पलीकडे वांद्र्याला जेझुइट पाद्र्यांचे ठाणे. मध्ये ओहोटीला चिखल दिसावा इतकेच पाणी.

५/
ही सरहद्द केवळ नकाशावरची नव्हती. मुंबईहून कल्याणकडे जाणाऱ्या मालावर पोर्तुगीज ठाण्याला आणि करंजाला जकात घेत. इंग्रज गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर याच्या कारकिर्दीत या जकातीवरून कटकटी झाल्या. मुंबई बेटावर राहणाऱ्याला घाटाकडून धान्य आणायचे तर परक्या राजाच्या चौकीवरून यावे लागे. ज्याला आज उपनगर म्हणतात, तिथे तेव्हा दुसऱ्याच राजाचा अंमल होता.

६/
तरीही माणसे हौसेने खाडी ओलांडत. कारण होते कान्हेरीची लेणी. १६७३ च्या अखेरीस मुंबईत आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर खाडीपलीकडे वांद्र्याला गेला, तिथली जेझुइटांची तटबंद इमारत त्याने पाहिली आणि पुढे साष्टीच्या डोंगरातील लेण्यांपर्यंत मजल मारली. १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात या भटकंतीचे तपशील आहेत. आज बोरिवली स्थानकावरून रिक्षेने उद्यानाच्या दारापर्यंत जाणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही, पण फ्रायरची ती सहल परमुलखातील होती.

७/
याहून रंजक प्रवासी म्हणजे नेपल्सचा वकील जेमेल्ली कारेरी. १६९३ मध्ये हा गृहस्थ पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तो कोणत्याही राजाचा वकील म्हणून नव्हे की व्यापारी कंपनीचा नोकर म्हणूनही नव्हे. मिळेल त्या गलबतात भाडे भरून जायचे आणि एका बंदरात घेतलेला माल पुढच्या बंदरात विकून खर्च भागवायचा, अशी त्याची रीत. १६९५ मध्ये तो दमणमार्गे वसईला आला आणि तिथून कान्हेरी पाहून गेला. काटकसरीने जग पाहणाऱ्यांच्या परंपरेत त्याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्याच्या वाटेवर कांदिवलीचा परिसर लागतो, हा योगायोग सुखद आहे.

८/
येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. फ्रायर आणि कारेरी यांना ही सरहद्द ओलांडता आली, कारण एकाकडे कंपनीचे पद होते आणि दुसऱ्याकडे पैसा. साष्टीतील भातशेती करणारा कुणबी, खाडीतला कोळी, ताडीचे झाड चढणारा भंडारी यांच्या बाबतीत उलटेच घडले. ते जागचे हलले नाहीत, सरहद्दच त्यांच्या अंगावरून गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. चाळीस वर्षांच्या आत एकाच शेतावर तीन सरकारांचा सारा बसला.

९/
१७७४ नंतर माहीमची खाडी सरहद्द राहिली नाही, ती केवळ अडचण उरली. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नीच्या देणगीतून माहीम-वांद्रे बांध झाला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईकडे लोकल धावू लागली. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली आणि कांदिवली महानगराचा भाग झाली. परदेश ते पिनकोड हा प्रवास पुरा व्हायला जवळजवळ तीन शतके लागली.

१०/
साष्टी परदेश राहिली नाही, मग सर्वांत जवळचा परदेश कोणता? उत्तर पोर्तुगिजांकडेच होते. उत्तरेला दमण, दक्षिणेला गोवा. कांदिवलीवरून जाणाऱ्या लोहमार्गानेच वापीला उतरायचे आणि काही मैलांवर दुसऱ्या देशाची हद्द. दक्षिणेकडे रेल्वेने कॅसलरॉकच्या पुढे घाट उतरला की कुळे स्थानकात पोर्तुगीज अंमलदार सामान तपासत. मुंबईत पोटापाण्यासाठी आलेल्या गोमंतकीयांसाठी ही नेहमीची वाट होती. खलाशी, वादक आणि खानसामे यांची गावोगावची ‘कूड’ मुंबईत होती. सुट्टी लागली की तिथला रहिवासी गावी जाई, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परदेशी जाई.

११/
अशाच एका मित्राघरच्या सुट्टीने इतिहास घडवला. १९४६ च्या एप्रिलमध्ये डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटले. लाहोरच्या किल्ल्यातील छळाने प्रकृती ढासळली होती. मुंबईत त्यांची गाठ डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्याशी पडली. दोघे बर्लिनमधील विद्यार्थिदशेपासूनचे स्नेही. मिनेझिस यांनी त्यांना आपल्या गावी, असोळण्याला, विश्रांतीसाठी बोलावले. जूनमध्ये लोहिया गोव्यात पोहोचले. मुक्काम मित्राच्या घरी, बेत फक्त आरामाचा.

१२/
पण पाहुणा आल्याची वार्ता पसरली आणि माणसे भेटीला येऊ लागली. सालाझारच्या राजवटीत सभा, भाषण, छपाई या साऱ्याला पूर्वपरवानगी लागे. लोकांच्या तोंडून हे ऐकल्यावर आराम मागे पडला. १८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावला बंदी मोडून सभा झाली. लोहिया आणि मिनेझिस यांना अटक झाली, दुसऱ्या दिवशी सुटका. तो दिवस गोव्यात आजही क्रांतिदिन म्हणून पाळला जातो आणि त्या मैदानाला लोहियांचे नाव आहे.

१३/
सप्टेंबरअखेर लोहिया पुन्हा निघाले. या वेळी त्यांना कुळे स्थानकावरच पकडण्यात आले, आग्वाद किल्ल्यात ठेवण्यात आले आणि मग हद्दपार करण्यात आले. तीन महिन्यांपूर्वी ज्या वाटेने ते मित्राचे पाहुणे म्हणून गेले, तीच वाट त्यांच्यासाठी बंद झाली. अंतर तेवढेच होते, गाडीही तीच होती. बदलला होता तो सरकारचा त्यांच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन.

१४/
१९५४-५५ मध्ये ही सरहद्द अधिक कठोर झाली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट, नंतर मधू लिमये यांच्या तुकड्या परवान्याविना हद्द ओलांडून गेल्या. तेव्हा सीमा ओलांडणे हाच सत्याग्रह होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील दळणवळण जवळजवळ तुटले. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयाला गावच्या मयताला पोहोचणेही दुरापास्त झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि परदेशातले गाव पुन्हा नुसते गाव झाले.

१५/
याच्या नेमके उलट उदाहरण कराचीचे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाचे छोटे विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. भारतीय नागरी हवाई वाहतुकीचा तो आरंभ. तेव्हा हे उड्डाण परदेशी नव्हते, इतकेच नव्हे तर ते एकाच प्रांतातले होते, कारण १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. फाळणीनंतर १९४८ मध्ये परवाने आले, १९५२ मध्ये पासपोर्ट आला. आकाशमार्गे मुंबईपासून कराची दिल्लीपेक्षा जवळ आहे. कांदिवलीच्या मित्रमंडळींच्या यादीत मात्र ते शहर कधीच नसते.

१६/
स्वातंत्र्यानंतर सामान्य माणसाच्या वाटेत आणखी एक सीमा उभी राहिली, ती चलनाची. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि १९५७-५८ च्या सुमारास परकीय गंगाजळी आटली. प्रत्येक पौंड आणि डॉलर कारखान्यांसाठी राखणे आवश्यक ठरले. नुसती हौस म्हणून परदेश पाहणे हे देशाच्या दृष्टीने चैनीचे झाले. तिकीट काढण्यासाठीही रिझर्व्ह बँकेच्या संमतीचा ‘पी फॉर्म’ लागे. त्या काळातील प्रवाशांच्या आठवणींत एक आकडा वारंवार येतो: आठ डॉलर. घरून निघताना अधिकृतपणे खिशात तेवढेच न्यायचे.

१७/
आठ डॉलरमध्ये परदेशी मुक्काम होणार कसा? म्हणून परदेशवारी मुख्यतः ज्यांना तिकडून कोणी बोलावील त्यांच्या वाट्याला आली: शिष्यवृत्ती मिळालेला विद्यार्थी, सरकारी प्रतिनिधी, कंपनीचा अधिकारी, किंवा ज्याचा भाऊ तिकडे स्थायिक आहे तो. पु. ल. देशपांडे १९५८ मध्ये बीबीसीकडे दूरचित्रवाणीच्या शिक्षणासाठी गेले आणि १९६० मध्ये ‘अपूर्वाई’ आले. त्या पुस्तकाचे नावच त्या काळाची साक्ष देते. परदेशी निघालेल्याला निरोप द्यायला अख्खी चाळ बॅलार्ड पिअरवर किंवा सांताक्रूझला जाई, गळ्यात हार पडत, वर्तमानपत्रात छायाचित्र येई.

१८/
आणि पासपोर्ट? १९६७ पर्यंत पासपोर्ट मिळणे हा नागरिकाचा हक्क मानलाच जात नव्हता, तो सरकारच्या मर्जीचा प्रश्न होता. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग सॉहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे बहुमताने मान्य केले. मग त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. जानेवारी १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. हा हक्क काढून घेण्याची रीतही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे त्याने ठरवले. आज अनेक मूलभूत हक्कांच्या खटल्यांचा आधार असलेला हा निकाल एका जप्त झालेल्या पासपोर्टातून जन्मला.

१९/
या काळातला महत्त्वाचा विरोधाभास असा: सामान्य घरांत परदेश पहिल्यांदा आला तो सहलीतून नव्हे, मजुरीतून. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत बांधकामे सुरू झाली आणि कोकणातील, मुंबईतील गवंडी, सुतार, फिटर तिकडे गेले. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने त्यांच्या संरक्षणासाठी तपासणी आणली. परंतु तिचा अर्थ असाही झाला की, शिक्षण कमी असलेल्याच्या पासपोर्टवर वेगळा शिक्का बसला. एकाच इमारतीतील दोघांचे पासपोर्ट एकाच रंगाचे, पण विमानतळावरची वागणूक निराळी. ही दरी आजही पूर्णपणे बुजलेली नाही.

२०/
१९९१ च्या अरिष्टानंतर चलनाची भिंत टप्प्याटप्प्याने खाली आली. १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. जून २००० पासून कठोर ‘फेरा’ची जागा ‘फेमा’ने घेतली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने निवासी व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा २,५०,००० डॉलर आहे. ज्या देशात आजोबा आठ डॉलर मोजून निघत, त्याच देशात नातू परदेशी रस्त्यावर नूडल्सचे पैसे कार्डाने देतो. या दोन पिढ्यांमधले अंतर विमानाच्या वेगाने भरून आले नाही, ते कायद्याच्या कलमांनी भरले.

२१/
मग विमाने आली. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’सारख्या संस्थांनी मराठी कुटुंबांना घोळक्याने जग दाखवायला आरंभ केला होताच. २००३ पासून देशात स्वस्त विमानसेवा रुजली, २००५ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेस आखाताकडे उडाली, २०११ मध्ये इंडिगोने परदेशी उड्डाणे सुरू केली. पासपोर्टसाठी कांदिवलीकराला आता शेजारच्या मालाडच्या सेवा केंद्रात जाता येते. पण चलनाचे आणि पासपोर्टचे दार आधी उघडले नसते तर ही स्वस्त तिकिटे घेणारा ग्राहक कुठून आला असता?

२२/
या बदलाचा अर्थ कळायला चारकोप पाहावे. १९८० च्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या साहाय्याने येथे छोटे भूखंड आखून अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना दिले. रस्ता, पाणी, मलनिस्सारण संस्थेचे, भिंती ज्याच्या त्याने हळूहळू उभारायच्या. पहिल्या पिढीची सारी बचत विटा आणि सिमेंटमध्ये गेली. सुट्टी म्हणजे एसटीने गाव. अशाच घरांतून आज परदेशवारीचे बेत आखले जातात. आईवडिलांनी जे कधी मागितलेही नाही, ते मुलांना दोन महिन्यांच्या बचतीत साधते. या वारीला उधळपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी.

२३/
तथापि, सीमा संपलेल्या नाहीत. मित्रमंडळी बँकॉक किंवा अल्माटी का निवडतात? कझाकस्तानने २०२२ मध्ये आणि थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाविना प्रवेश दिला म्हणून. पॅरिसला जायचे तर बँकेचे उतारे, नोकरीचे पत्र, मुलाखतीची तारीख आणि परत न मिळणारे शुल्क. पाचपैकी एकाचा अर्ज फेटाळला गेला की सगळ्यांचा बेत मोडतो. आठवड्याच्या अखेरीस कुठे जायचे हे मित्रांना आपण ठरवले असे वाटते. पुष्कळदा ते दुसऱ्या देशाच्या परराष्ट्र खात्याने आधीच ठरवलेले असते.

२४/
शेवटी पुन्हा भूगोलाकडे. ज्या सहारच्या विमानतळावरून हे मित्र निघतात, ते सहार साष्टी बेटावरचेच एक जुने गाव. पारपत्र तपासणीची खिडकी जिथे आहे, तिथून माहीमच्या खाडीपर्यंत काही मैलांचे अंतर. साडेतीनशे वर्षांपूर्वी मुंबई बेटावरचा माणूस इथे पोहोचला असता, तर तो केव्हाच परदेशात आलेला असता. आज त्याच जमिनीवर रांगेत उभे राहून, शिक्का बसेपर्यंत, माणूस मायदेशातच असतो.

(समाप्त)